उलट्या हाताचा माणूस

कोणत्याही वस्तूला तो आधी उलटा हात लावायचा. फाटक असो, खिडकीचा गज असो, भिंतीवरून लोंबणारी तार असो की आमच्या घरचा चहाचा स्टीलचा पेला असो, बोटांची मागची बाजू निसटती टेकवायची, क्षणभर थांबायचे आणि मगच ती वस्तू हातात धरायची. आमच्या दाराची घंटा त्याने कधी दाबली नाही. रस्त्यावरूनच हाक मारायचा, "गुरुजी, पहिले मेन पाडा, मग बोलू!"

घरात शिरण्याआधी घराची वीज बंद करायला लावणारा माणूस तुम्ही पाहिला आहे काय? आम्ही पाहिला. टीव्हीच्या छत्र्या गच्चीवर बसवणे आणि त्यांच्या काळ्या तारा घरभर फिरवणे हा त्याचा धंदा. उलट्या हाताचे कारण त्याने मला पहिल्याच भेटीत सांगितले होते. झटका बसला की बोटे आखडतात. तार सरळ हाताने धरलेली असेल तर मूठ वळते आणि माणूस चिकटतो, उलटा हात असेल तर तो तारेपासून दूर फेकला जातो. यात नवे काही नाही, पुष्कळ वायरमन असे करतात. पण चहाच्या पेल्याला असे करणारा मी दुसरा पाहिला नाही.

आता आमच्या गल्लीत सांगितली जाणारी कथा ऐका. तो डरपोक होता. एका दुपारी गुरुजींच्या घरी काम करताना त्याला करंटचा भास झाला. हत्यारे टाकून तो अनवाणी, बोंबलत पळाला. आणि पळता पळता शेजारच्या शेठच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याचा मेन स्विच पाडून त्याने शेठचे नुकसान केले. ही कथा शेठने सुरू केली आणि चहाच्या टपरीने वाढवली. तिच्यातला जवळजवळ प्रत्येक तपशील मला मान्य आहे आणि संपूर्ण कथा अमान्य आहे. मी तिथे होतो. शेठ नव्हता. टपरीही नव्हती.

तो मूळचा दापोऱ्याचा, राहायला तापीपलीकडे जैनाबादला. काळ्या तारेचे भेंडोळे खांद्यावरून तिरपे घालून मोपेडवर पुलावरून बुऱ्हाणपुरात यायचा. केसांना इतके तेल की उन्हात डोके चमकायचे. पायांत कायम रबरी चपला. परक्याच्या घरात शिरताना चपला काढाव्यात हा आपल्याकडचा साधा रिवाज, पण त्याने त्यातून वाट काढली होती. पिशवीत चपलांचा दुसरा जोड असे, स्वच्छ धुतलेला, फक्त घरात घालायचा. उंबऱ्यावर बाहेरच्या जोडातून पाय काढून, जमिनीला टेकू न देता, तो आतल्या जोडात घालायचा. ही कसरत पाहायला माझी पत्नी स्वयंपाकघरातून मुद्दाम बाहेर येत असे.

"काय रे, देवाच्या पाया तरी अनवाणी पडतोस का?" ती विचारायची.

"पडतो ना, काकू. पण ज्या देवळात पंखा नाही, त्याच देवळात जातो."

एकदा तिने लाडवांची ताटली पुढे केली, तर याने ताटलीला उलटी बोटे लावली. "अरे, लाडवात काय करंट सोडलाय मी?" असे म्हणून ती पदर तोंडाला लावून हसत राहिली. तोही हसला. पण लाडू हातात घेतला तो बोटे लावून झाल्यावरच.

कारागीर म्हणून तो सामान्य होता. मी त्याची बाजू मांडतो आहे म्हणून त्याची खोटी स्तुती करणार नाही. त्याने बसवलेल्या छत्रीचे तोंड दोनदा पुन्हा फिरवावे लागले होते, आणि ढग आले की आमच्या पडद्यावर बातम्या सांगणाऱ्या बाईच्या चेहऱ्याचे चौकोन होत. तक्रार केली की म्हणायचा, "गुरुजी, वरूनच तसं येऊ राह्यलं." वरून काय येते हे मला कळत नसल्यामुळे वाद तिथेच संपे. त्याच्याजवळ अस्सल अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे भीती. तीही त्याने लपवली नाही. "मले भेव लागते, गुरुजी. साप दिसतो, विंचू दिसतो. हे दिसत नाही ना."

त्या भीतीचे मूळ त्याने एकदा पत्नीच्या आग्रहावरून सांगितले. दापोऱ्याला केळीच्या मळ्यात पंपाची खोली होती. तिथे त्याच्या काकाला त्याने स्टार्टरपाशी उभे पाहिले. काका पाठमोरा, हात पेटीवर, अगदी शांत. याला वाटले, काही दुरुस्त करतो आहे. हा दारात बसून राहिला, गप्पाही मारत राहिला. उत्तर येईना तेव्हा पुढे जाऊन पाहिले.

"काकू, चिकटलेला माणूस ओरडत नाही," तो म्हणाला. "कामात आहे असंच वाटते आपल्याले."

माझी पत्नी उठून आत गेली. त्या दिवसापासून तिने त्याच्या चपलांची थट्टा करणे सोडले.

मी ज्या दुपारविषयी लिहितो आहे ती उन्हाळ्यातली होती. इंदूरहून मुलाने नवा सेट-टॉप बॉक्स पाठवला होता, आणि जुनी तार इतक्या ठिकाणी तोडून, पिळून, चिकटपट्टीने जोडलेली होती की नव्या डब्यावर चित्रच येईना. त्याने सगळी तार पाहिली आणि निकाल दिला, "ही सारीच काढू. छत्रीपासून टीव्हीपर्यंत एक अखंड टाकू, मधे जोड नको."

आमच्या घराची रचना सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचे कळणार नाही. जिना घरातून वर जातो आणि गच्चीच्या एका टोकाला उघडतो. दुसऱ्या टोकाला लोखंडी कठडा आहे. त्याच कठड्याला आमची छत्री बसवलेली, आणि शेजारी शेठचीही; कारण शेठच्या कारखान्याला छप्पर पत्र्याचे, त्यावर छत्री टिकत नाही. शेठने विचारले तेव्हा मी शेजारधर्म म्हणून हो म्हटले होते. शेठच्या छत्रीची तार कठड्यावरून त्याच्या पत्र्यावर उतरून, पत्र्याच्या फटीतून लूमच्या अंगावरून त्याच्या ऑफिसात जात असे. आणि आमची कपडे वाळत घालायची तार, नुसती उघडी लोखंडी तार, तीही त्याच कठड्याला बांधलेली होती. इतकी वर्षे या तीन गोष्टी एकत्र पाहून आमच्यापैकी कोणाच्याही मनात काही आले नाही.

त्या दिवशी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. कुरडया-पापड असले की आमच्या गच्चीवर चपला चालत नाहीत. हा नियम माझ्या आईचा, तो पत्नीने पुढे चालवला.

"काकू, धुतलेल्या आहेत हो."

"असू देत. कुरडयांवर चपलांचा वारासुद्धा नको मला."

त्याने माझ्याकडे पाहिले. मी वर छताकडे पाहिले, कारण या घरात कुरडयांच्या बाबतीत माझे मत विचारले जात नाही. त्याने जिन्याच्या तळाशी चपला काढून ठेवल्या आणि पुन्हा विचारले, "गुरुजी, मेन पाडला ना?" मी त्याला नेऊन पाडलेला स्विच दाखवला. मग तो एकेक पायरी, थंड पाण्यात उतरावे तसा, वर चढला.

पत्नी धुण्याची बादली घेऊन गच्चीच्या पलीकडच्या टोकाला गेली होती. तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून भिंतीवरचे खिळे काढत जुनी तार सैल करत होता. मी दोन पायऱ्या खाली पिशवी धरून उभा होतो. शेजारी शेठचे लूम चालू होते. आमच्या बुऱ्हाणपुरात लूमच्या खडखडाटाला कोणी आवाज म्हणत नाही. पाहुणे आले म्हणजेच आम्हाला तो ऐकू येतो. शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते आणि आपण ओरडतो आहोत हे आपल्याला कळत नाही.

तारेचा एक जुना जोड आला. चिकटपट्टी सुटलेली, आतली धातूची जाळी उघडी. त्याने सवयीने उलटा हात टेकवला, आणि त्याचा हात भिंतीवर आपटला. पक्कड पायऱ्यांवरून खणखणत खाली गेली.

त्याने माझ्याकडे पाहिले. त्याचा चेहरा पांढरा झाला होता, आणि तेवढ्या आवाजातही त्याचे शब्द मला स्वच्छ कळले.

"गुरुजी, मेन पाडला ना?"

"पाडला. तू पाहिलास."

"मग हे कोणाचं आहे?"

आम्ही दोघांनी एकाच वेळी तारेच्या मागावर नजर नेली. तार भिंतीवरून छत्रीकडे, छत्री कठड्याला, कठड्यावरून शेठची तार पत्र्यावर, आणि पत्र्याखाली ते सगळे धडधडणारे लोखंड. कठड्याला बांधलेली कपड्यांची तार. आणि तारेपुढे, ओल्या फरशीवर, अनवाणी, पाठमोरी माझी पत्नी. तिचे दोन्ही हात वर होते. हातांत ओले लुगडे होते. ती हलत नव्हती.

मी हाक मारली. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पुन्हा मारली. ती तशीच.

कामात आहे असंच वाटते आपल्याले. पंपाच्या खोलीविषयीचे त्याचे ते वाक्य मला आठवले. मी पुढे धावणार तोच त्याने माझा दंड धरला, सरळ हाताने, इतका घट्ट की पुढे कित्येक दिवस तिथे वळ होते.

"जाऊ नका! फरशी ओली आहे. आणि मागून गेले अन् काकू दचकल्या, तर तारच धरतील. इथूनच हाक मारा. इथूनच!"

एवढे बोलून तो जिना उतरून गेला.

त्यानंतर मी एवढेच केले, उभा राहिलो. जन्मभर वर्ग गप्प बसवणारा माणूस मी, पण तिथे माझा आवाज तिच्यापर्यंत पोचत नव्हता. तिच्या कोपरावरून पाणी ठिबकत होते, आणि मी त्या थेंबांकडे पाहून ठरवत होतो की ती जिवंत आहे की नाही. लुगड्याचे टोक वाऱ्याने तारेच्या दिशेने उडे आणि परत येई. ती दर वेळी तशीच स्थिर. देवाचे नाव घ्यावे असे वाटले, आणि कोणत्याच देवाचे नाव आठवेना.

मग लूम थांबले.

एकदम, सगळे एकत्र. गल्लीत अशी शांतता पडली की कावळ्याचे पंख ऐकू आले. आणि त्या शांततेत माझी हाक, जी मी मारतच होतो, गच्चीभर घुमली, "कमल!"

लग्न झाल्यापासून मी तिला चारचौघांत नावाने हाक मारली नव्हती. ती वळली, पण बोलली नाही. माझा जीव पुन्हा गेला. मग दिसले की तिच्या दातांत कपड्यांचा चिमटा होता. तो काढून ती म्हणाली, "अहो, ओरडता काय असे? लुगडं बघा, काठाशी केवढं फाटलंय. मघापासून उजेडात धरून बघतेय."

मी तिला हाताने नुसतेच बोलावले. ती कुरडया चुकवत, पदर सावरत आली आणि माझ्याजवळ बसली. खाली गल्लीत आरडाओरडा सुरू झाला होता.

आता टपरीच्या कथेकडे वळू. तो अनवाणी पळाला, खरे आहे. त्याच्या चपला माझ्या जिन्याच्या तळाशी होत्या, आणि तो त्यांच्यावरून गेला. घरात येताना ज्याने पाय जमिनीला टेकू दिला नाही तो माणूस चपला पुढ्यात असताना थांबला नाही. तो बोंबलत होता, खरे आहे. "मेन! मेन!" असे ओरडत होता, लूमच्या आवाजात लोकांना फक्त त्याचे उघडे तोंड दिसले. आणि त्याने शेठचा मेन स्विच पाडला. तो स्विच तुम्ही पाहिला नसेल, मी पाहिला आहे. लोखंडी पेटी, तिच्या कडेला लोखंडी दांडा. ज्या कारखान्याचे लोखंड झटका देते आहे हे त्याला नुकतेच कळले होते, त्याच कारखान्यात तो अनवाणी शिरला आणि तो दांडा त्याने ओढला. उलट्या हाताने दांडा ओढता येत नाही.

डरपोक हा शब्द वापरणाऱ्यांनी एवढे एकदा करून दाखवावे.

शेठ तावातावाने आला. "गुरुजी, तुमचा हा फट्टू! सगळे धागे तुटले माझे! चालता कारखाना कोणी असा पाडतो?"

"तुमच्या तारेत करंट आहे," मी म्हणालो.

"टेस्टर लावला? दाखवा ना मग!"

टेस्टर लावला नव्हता. लूम पुन्हा चालू होण्याआधी गच्चीवर परत येऊन त्याने शेठची तार पकडीने कठड्याजवळ तोडून टाकली होती. हे काम त्याने सगळ्यात आधी केले. त्यामुळे पुरावा उरला नाही. शेठचे म्हणणे असे की काही झालेच नाही, म्हणजे काही होणारही नव्हते. आजही तो हेच म्हणतो, आणि गल्ली मान डोलावते. माझी पत्नी सुखरूप राहिली हाच त्या छत्रीवाल्याविरुद्धचा पुरावा ठरला. मी शेठला एकच प्रश्न विचारतो आणि त्याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. त्याच आठवड्यात शेठने पत्र्याची ती फट जुन्या टायरच्या रबराने का मढवली, आणि आपली छत्री माझ्या कठड्यावरून गुपचूप का उतरवून नेली?

त्या संध्याकाळी छत्रीवाला आमच्या ओट्यावर बसला होता. पत्नीने चहा आणून दिला, तो त्याने बाजूला ठेवला. तो आपला उजवा तळवा उताणा करून पुन्हा पुन्हा पाहत होता.

"मी सरळ हात लावला, गुरुजी," तो हळूच म्हणाला. "सरळ हात लावला मी."

"लागलं का रे कुठे?"

"नाही. पण लावला ना."

माझी पत्नी आत गेली. जिन्याच्या तळाशी राहिलेल्या त्याच्या चपला तिने स्वतः उचलून आणल्या आणि त्याच्या पायांपुढे ठेवल्या. तो ताडकन उठून मागे सरला. "काकू, काय करता हे!" ती म्हणाली, "घाल आधी. जमीन गार आहे." जमीन गार नव्हती. उन्हाळा होता.

पुढे येऊन त्याने आमचे काम पूर्ण केले. छत्रीपासून टीव्हीपर्यंत एक अखंड तार, मधे जोड नाही. ढग आले की चित्राचे चौकोन आजही होतात.

त्याला मात्र गल्लीने सोडले नाही. टपरीवरून जाताना कोणी मागून "करंट आया!" म्हणून ओरडायचे आणि तो खरोखर दचकायचा, मग सगळे हसायचे. दोघातिघांशी मी त्यावरून भांडलो आणि माझे त्यांच्याशी बोलणे आजही बंद आहे. त्याचे काम कमी झाले. ज्याला घरभर भीतीच दिसते त्याला कोण बोलावणार? मोपेड दिसेनाशी झाली. टपरी म्हणते, त्या दिवसानंतर त्याची हिंमतच गेली. याचे उत्तर मला त्याच्याकडूनच हवे होते. फोपनारला एका लग्नाला गेलो तेव्हा चौकशी केली. तो एका केळीच्या मळ्यात घड उतरवण्याच्या कामाला लागला होता. लग्न सोडून मी बांधावरून त्याच्याकडे गेलो.

मला पाहून तो लाजला. डोक्याला तेल नव्हते.

"धंदा का सोडलास?" मी विचारले. "लोक म्हणतात, घाबरलास."

"घाबरलो तर मी पहिलेपासूनच होतो, गुरुजी," तो म्हणाला. "पण पहिले एवढं माहीत होतं, आपण सरळ हात लावणार नाही. आता तेही सांगता येत नाही. पुन्हा कोणी काकू तशा उभ्या दिसल्या, तर लावीन मी. म्हणून सोडला. घरी दोन लेकरं आहेत." मग थोडा हसून म्हणाला, "अन् केळीत करंट नसतो."

त्याने दोन्ही तळवे पसरून एक मोठा घड खालून धरला, छातीशी घेतला आणि खांद्यावर चढवून निघाला. त्याने आधी उलटी बोटे टेकवली नव्हती. काकूंना नमस्कार सांगा, असे तो वळून म्हणाला. त्यानंतर आमची भेट नाही.

नमस्कार मी सांगितला.

आमच्या कठड्यावर आता फक्त आमची छत्री आहे. लोखंडी तार मी काढून टाकली आणि नायलॉनची दोरी बांधली. दोरीतून वीज जात नाही हे मी पत्नीला समजावून सांगितले आहे आणि ते तिला पटलेलेही आहे. शेजारी लूम सकाळपासून चालू असतात. ती बादली घेऊन गच्चीवर जाते तेव्हा मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो. ती रोज म्हणते, तुमचा चहा निवतोय, खाली जा. मी जात नाही. ती बादली खाली ठेवते, उजवा हात उचलते, आणि बोटांची मागची बाजू दोरीला निसटती टेकवते. बांगड्या हलतात, त्यांचा आवाज लूममुळे ऐकू येत नाही, फक्त हलताना दिसतात. क्षणभर ती थांबते. मग वाकून पहिले लुगडे उचलते.

त्यानंतर मी खाली जातो.